शिक्का चोवीसचा

गेल्या ऑक्टोबरात पुण्याच्या मैत्रिणीशी फोनवर बोलताना म्हटलं, अगं आमचा पंखा गेला, तर ती म्हणाली मग इलेक्ट्रिशियनला बोलव ना, त्यात एवढं काय. आधी हसू आलं आणि मग रडू, कारण आमचा पंखा म्हणजे बोटीचा, पाण्याखालचा, छत्तीस इंचांचा, तीन पात्यांचा, पितळेचा. उचलायला तीन माणसं लागतात. त्याला प्रोपेलर म्हणतात हे आमच्याकडच्या पोरांना शाळेत कळतं, घरात सगळे पंखाच म्हणतात.

मी बोटीवर जात नाही. मी वही लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा बीकॉम झालेली सून म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, दुसऱ्याच आठवड्यात वही हातात दिली आणि म्हणाले आता हे तुझं. डिझेल किती, बर्फ किती, रेशन किती, खलाशांची उचल किती, लिलावात काय आलं, खर्च वजा जाता मालकाचा वाटा किती आणि खलाशांचा किती. वीस वर्षं झाली म्हणेन असं वाटतं पण खरं तर सतराच. तर हे जे सांगतेय ते वहीकडून दिसलेलं आहे, समुद्राकडून नाही, आणि कोणी दर्यावर्दी माणूस वाचत असेल तर त्याने तेवढं सांभाळून घ्यावं.

आमच्या हर्णैला, दापोलीजवळच्या बंदरात, बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, लांब नांगरून ठेवतात, माल छोट्या होडीतून आणि पुढे बैलगाडीने वाळूवर येतो. त्यामुळे वादळाचा इशारा आला की सगळ्यांची धाव आंजर्ल्याच्या खाडीकडे. आणि त्या खाडीचं तोंड गाळाने भरलेलं, हे काही गुपित नाही, दरवर्षी कोणाची ना कोणाची बोट तिथे बसते. भरती असेल तर ठीक, ओहोटीला घुसलात तर तुमचं नशीब. त्या दिवशी इशारा दुपारी आला, ओहोटी लागलेली होती, आणि मागे चाळीसेक बोटी रांगेत, थांबायला जागा नाही. तांडेल काकांनी, म्हणजे आमची बोट चालवणाऱ्या काकांनी, आत घातली. बोट वाळूला घासली एवढंच आधी वाटलं, पण वाळूत काय पुरलेलं होतं देवाला ठाऊक, जुन्या बोटीचा सांगाडा असेल नाहीतर नांगर, एकदा ठाण्णकन आवाज आला आणि मग काका म्हणतात तसं "वहिनी, पायाखाली फळी बोलायला लागली". म्हणजे थरथर. इंजिन चालू, बोट पुढे जातेय, पण तळव्यांना मुंग्या आल्यासारखं.

संध्याकाळी घरात तिघं बसले. नवरा म्हणाला नवीन घेऊ. दीर म्हणाले एवढ्यात नवीन? ठोकून घेऊ. तांडेल काका चहा पीत होते, ते म्हणाले आधी काढा तर खरं, बघितल्याशिवाय कसली मसलत करताय. मी आतून वही घेऊन आले, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल हा हिशोब सोपा आहे, नव्याची किंमत एवढी, दुरुस्तीची एवढी, वजाबाकी करा. तसं होत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, त्याच्या पुढेमागे पाऊस आणि वारा, म्हणजे कमवायचे महिने मोजके, आणि ऑक्टोबर त्यातला चांगला. बोट उभी राहिली की खलाशांचं जेवण चालूच, आणि दहा दिवस काम नाही म्हटलं की त्यातले दोघं दुसऱ्या बोटीवर जाणार, उचल आपली बुडवून. आमचे निम्मे खलाशी नेपाळचे आहेत, त्यांना तर महिनाभर बसून राहणं परवडतच नाही, घरी पैसे पाठवायचे असतात. सरकारकडून डिझेलचा परतावा यायचा होता तो आलेला नव्हता. नवीन पंखा ऑर्डर देऊन यायला तीन आठवडे. दुरुस्ती दोन दिवसात. म्हणजे पंखा हातात यायच्या आधीच निम्मा निकाल कॅलेंडरने लावून टाकलेला होता, बाकी सगळी चर्चा म्हणजे त्या निकालाला कारणं शोधणं.

उधाणाच्या भरतीला बोट खाडीत वर काठाला घेतली, टेकू लावले, आणि पाणी उतरल्यावर पंखा काढायला घेतला. मी मुद्दाम गेले बघायला. गुडघाभर चिखल. चेकनट मोठ्या पान्याने सुटला, पण पंखा काही शाफ्टवरून, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावरून, हलेना, टेपरवर, दांड्याच्या निमुळत्या टोकावर बसलेला असतो ना, वर्षानुवर्षं पाण्याने दाबून दाबून घट्ट झालेला. पुलर लावला, आवळला, कोणीतरी शिवी घातली, कोणीतरी एकवीरेचं नाव घेतलं, आणि मग बंदुकीसारखा आवाज होऊन तो अर्धा इंच मागे आला. नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे ठेवायचे, नाहीतर उडून माणसाच्या पायावर पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या भरतीच्या आत हे सगळं उरकायचं. पाण्याला तुमची दया नसते.

एका पात्याचं टोक तळहाताएवढं वाकून पार उलटं वळलेलं, जसा पोळीचा काठ तव्यावर उचलला जातो तसं. दुसऱ्याच्या कडेला दोन खाचे, आणि पातं अख्खंच थोडं पिळल्यासारखं. तिसरं पातं मात्र साफ, काही झालेलं नाही. त्या तिसऱ्या पात्याची गोष्ट पुढे येईल.

आमच्या भागात एक मिस्त्री आहेत, नाव नको, हात चांगला आहे, इंजिनात त्यांच्यासारखं कोणी नाही. पंखा हे त्यांचं काम नव्हे, पण दोन दिवसात कोण करणार? त्यांनी पंख्यावरचा शिक्का बघितला. हबवर, म्हणजे पाती जिथे जुळतात त्या मधल्या गोल भागावर, आकडे ठोकलेले असतात, आमच्यावर 36 आणि 24 असे होते. छत्तीस म्हणजे व्यास, चोवीस म्हणजे पिच. पिच कळायला मला दिवस लागले, तेव्हा माझ्यासारख्यांसाठी सांगते: स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जितका आत जातो तितकं ते. म्हणजे आमचा पंखा पाण्याऐवजी लोण्यात फिरला असता तर एका फेऱ्यात चोवीस इंच पुढे गेला असता. पाण्यात तेवढा जात नाही, घसरतो, पण हिशोबाला आकडा तो. मिस्त्रींनी चोवीसचा साचा कुठूनतरी आणला, गॅसने वाकलेली जागा लालसर केली, साच्यावर ठेवून हातोड्याने ठोकली, आणि घाई होती म्हणून वर बादलीभर पाणी ओतलं. फुस्स करून वाफ झाली. दुसरं पातं तर थंडच ठोकलं. मला तेव्हा ते बघून बरं वाटलं होतं, किती झटपट काम करतात म्हणून.

ते ठोकत असताना दिरांनी मोबाईलवर वाचलेलं सांगितलं. ते यूट्यूब नि काय काय बघत असतात. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ म्हणून एक शेतकरी होता, त्याने 1836 साली बोटीच्या स्क्रूचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला पंखा लाकडाचा होता आणि आजच्यासारखा पात्यांचा नव्हताच, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखा दोन पूर्ण वेढ्यांचा. 1837 मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी घेताना तो कशालातरी आपटला आणि त्याचा अर्धा तुकडा तुटून पडला. आणि बोट थांबायच्या ऐवजी एकदम जोरात पळायला लागली! तेव्हा त्याला कळलं की अर्धाच पुरतो. पुढचे सगळे पंखे त्या तुटलेल्या पंख्याचे वंशज म्हणा हवं तर. दीर म्हणाले मग मिस्त्री, आपणही बाकीच्या दोन पात्यांची टोकं कापून सगळी सारखी करूया, डिझेल वाचेल. सगळे हसले. मिस्त्री नाही हसले. म्हणाले, करतात तसं, भर समुद्रात एक टोक गेलं तर बाकीची टोकं कापून समान करतात, निदान थरथर थांबते आणि घरी येता येतं. पण तुमची बोट जाळं ओढते. जाळं ओढायला मोठा व्यास लागतो, हळू फिरणारा, पाण्याला मिठी मारणारा. टोकं कापलीत तर इंजिन मोकाट पळेल आणि जाळं तिथल्या तिथे.

मला हे फार आवडलं, पाण्याला मिठी मारणारा पंखा.

असो. चौथ्या दिवशी बोट पाण्यात. थरथर राहिली, थोडी. तांडेल काका म्हणाले चालेल. नवरा म्हणाला बघ, नवीन घेतला असता तर अजून वाट बघत बसलो असतो. मीही वहीत दुरुस्तीचा आकडा लिहिला, नव्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, आणि खाली रेघ मारली. रेघ मारली की मला वाटतं विषय संपला. ही माझी जुनी खोड.

दिवाळीनंतर पहिल्यांदा खटकलं. आमची पाच-सहा दिवसांची ट्रिप असते, इंजिन नव्वदेक तास चालतं, डिझेल हजार लिटरच्या अल्याडपल्याड. त्या ट्रिपला 1,090 लागलं. लांब गेले असतील म्हटलं. पुढच्या ट्रिपला 1,120. पाणी उलटं असेल. मग 1,105. आता दरवेळी पाणी उलटं कसं असेल? तासाने भागून बघितलं. आधी तासाला अकरा लिटर बसत होतं, आता बारा, सव्वाबारा. तासाला एक लिटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण महिन्याला तीन ट्रिप धरल्या तर तीनशे लिटर झालं, आणि हे दर महिन्याला, गुपचूप, कोणाला न सांगता.

नवऱ्याला सांगितलं तर आधी खलाशांवर संशय, मग पंपावर, मग (हे त्याने तोंडाने म्हटलं नाही) माझ्या भागाकारावर. मी तांडेल काकांना विचारलं, काका जुनी चाल गाठायला इंजिन किती ठेवता आता? ते विचारात पडले. म्हणाले, खरंच की वहिनी, पहिल्यापेक्षा दीडशे फेरे जास्त ठेवावे लागतात, पण मला वाटलं बुडाला शेवाळ धरलं असेल. म्हणजे बघा, त्यांच्या हाताने केव्हाच जुळवून घेतलं होतं. चांगल्या माणसाचा हाच घोळ असतो, बिघाड त्याच्या कसबात मुरून जातो आणि दिसेनासा होतो. वहीला कसब नसतं, म्हणून तिला दिसलं.

त्यातच शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या जागेतून, पाणी जास्त यायला लागलं. थोडं ठिबकायलाच हवं तिथे, पण आता पंप सारखा लावावा लागत होता, पाणी अडवणारं पॅकिंग दोनदा बदललं. पंखा वेडावाकडा फिरला की शाफ्ट हलतो, शाफ्ट हलला की बेअरिंगचं रबर खातं, पॅकिंग खातं, पुढे गिअरपर्यंत जातं. दुरुस्तीचा आकडा मी एका ओळीत लिहून रेघ मारली होती, पण ती दुरुस्ती माझ्या वहीत इतर नावांनी रोज येत होती. डिझेल. पॅकिंग. ग्रीस. पंपाचा बेल्ट.

जानेवारीच्या उधाणाला पुन्हा वर घेतली, पुन्हा चिखल, पुन्हा पुलर. या वेळी पंखा टेम्पोत घालून मुंबईला नेला, तिथे फक्त पंख्यांचंच काम करणारं वर्कशॉप आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. दिरांचं म्हणणं होतं तिथपर्यंत जातोच आहोत तर दारुखान्यात मोडलेल्या जहाजांचा माल मिळतो, तिथे जुना बघू, स्वस्तात. मी नाही म्हटलं. आपल्या जुन्याचे आजार निदान आपल्याला माहीत आहेत, दुसऱ्याच्या जुन्याला कोणी कुठे ठोकलंय ते कोण सांगणार. हे तोंडातून निघून गेलं आणि मग दोन दिवसांनी मलाच गिळावं लागलं, कारण आपल्या जुन्याबद्दलही आम्हाला काही माहीत नव्हतं. ते येतंच आता.

मी गेले होते बरोबर. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांब शेड, भिंतीला टेकून लहानमोठे पंखे, एक तर माझ्या उंचीचा. तिथले जे मुख्य कारागीर होते ते साठीचे असतील, कमी बोलणारे. त्यांनी आमचा पंखा साखळीने टांगला आणि लहान हातोडीने एकेका पात्यावर हलकंसं मारलं. पहिलं, म्हणजे ते साफ असलेलं, टण्ण, देवळातल्या घंटेसारखं, आवाज बराच वेळ हवेत राहिला. दुसरं टण, जरा लवकर संपलं. तिसरं, जे थंड ठोकलं होतं, ते ठक. बस. मडकं फुटकं आहे की नाही हे आपण बाजारात बघतो तसंच, मला तर बघायलाही नको होतं पुढे.

मग त्यांनी कडेला कानशीने थोडं घासलं आणि मला बोलावलं, ताई, इकडे बघा. आतला रंग सोनेरी पिवळा यायला पाहिजे. काही जागी तसा होता, पण कडांना गुलाबी, तांब्यासारखा. म्हणाले, पितळेतलं जस्त पाण्याने खाल्लं, उरलं ते नुसतं तांबं, चाळणीसारखं, दिसायला पातं आणि ताकद बिस्किटाची. या धातूला मँगनीज ब्राँझ म्हणतात पण ब्राँझ नावालाच, त्यात अठ्ठावन टक्क्यांच्या आसपास तांबं आणि बाकी बहुतेक जस्त, म्हणजे पितळच. म्हणून तर बोटीला जस्ताचे ठोकळे लावतात, समुद्राने पंख्यातलं खायच्या आधी ते खावं म्हणून. तुमच्या ठोकळ्यांची काय अवस्था आहे? नवऱ्याने अभिमानाने सांगितलं, एकदम नव्यासारखे आहेत, दोन वर्षं बदलावे लागले नाहीत. कारागीर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मग हळूच विचारलं, रंग मारलाय का त्यावर?

मारला होता. बंदीच्या दिवसात बूड रंगवताना ठोकळ्यांवरही छान दोन हात मारले होते, नीटनेटकं दिसावं म्हणून. रंगाखाली ते सुखात बसले होते आणि पंखा झिजत होता. या घरात मीही असते आणि तो रंगाचा डबा माझ्याच वहीत लिहिलेला आहे, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही.

चिरेची तपासणी मात्र बघण्यासारखी होती. पातं पुसून कोरडं केलं, वर लाल रंगाचा स्प्रे मारला, थोडा वेळ ठेवला, मग फडक्याने सगळं पुसून काढलं, काही म्हणता काही उरलं नाही. मग वर पांढरी पावडर फवारली. आणि आम्ही चौघं वाकून बघत असताना त्या पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, केसाएवढी, मग दोऱ्याएवढी. भांगात कुंकू भरल्यासारखी. त्याच थंड ठोकलेल्या पात्यावर, मुळाशी, हबच्या जवळ, बोटभर लांब.

टोकाला असती तर काही नव्हतं, ते म्हणाले. टोकाचा तुकडा गेला तर नवीन तुकडा जोडतो, भर घालतो, कानशीने आणतो मापात. मुळाशी नाही. सगळा भार मुळावर येतो. मोठ्या जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था मुळाजवळ, पाणी ढकलणाऱ्या बाजूला, सहसा वेल्डिंगच करू देत नाहीत. साधारण मध्यापासून त्रिज्येच्या चार दशांशापर्यंतचा भाग. आमची त्रिज्या अठरा इंच, म्हणजे मध्यापासून सात इंचांच्या आत हात लावायचा नाही, आणि चीर साडेसहावर. थंड ठोकल्याने धातूच्या पोटात ताण राहिला, तो ताण काढायला सगळं पातं सावकाश तापवून सावकाश थंड करायचं असतं. खारं पाणी असा ताण शोधतच असतं. तुम्ही दुरुस्त केला तेव्हाच चीर पेरली होती म्हणा.

म्हणजे नवीन. झालं, ठरलं. चार महिने ज्यावर भांडलो ते एका लाल रेघेने दोन मिनिटात संपवलं, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. काही प्रश्नांचं उत्तर वाईट असलं तरी चालतं, ठाम असलं म्हणजे पुरे.

पण नवीन कुठल्या मापाचा? यात काय विचारायचं, शिक्का आहे की, 36 बाय 24. तरी त्यांनी मोजला, म्हणाले आम्ही मोजल्याशिवाय लिहीत नाही. मोजायची पद्धत इतकी साधी की मी थक्क झाले. पंखा टेबलावर आडवा, मध्यापासून ठराविक अंतरावर पात्याची उंची बघायची, मग तीस अंश फिरवायचं, परत उंची बघायची. दोन्हीतला फरक गुणिले बारा, कारण पूर्ण फेरा तीनशे साठ अंशांचा. झाला पिच. चोवीसच्या पंख्यात तीस अंशात बरोबर दोन इंच फरक यायला हवा. दोन ठोकलेली पाती दोनच्या जवळपास आली. आणि जे साफ होतं, ज्याला काही लागलं नव्हतं, घंटेसारखं वाजलं होतं, ते आलं दोन इंच आणि वर चार मिलिमीटर. गुणिले बारा. सव्वीस.

कारागीर म्हणाले, हे पातं उघडलंय कधीतरी, म्हणजे पिच वाढलाय. शिक्का चोवीस, दोन पाती चोवीस, एक सव्वीस. तीनातलं एकच वेगळं म्हणजे तेच चुकलेलं. चोवीसचा घ्या. नवऱ्याने मान डोलावली. हिशोब बरोबर होता की.

मला पटेना. सांगता येईना का ते. परत येताना गाडीत महाडच्या पुढे कुठेतरी डोक्यात आलं, की ती दोन पाती चोवीसवर आली कारण मिस्त्रींनी ती चोवीसच्या साच्यावर ठोकली. म्हणजे ती दोन मतं खरी मतंच नव्हेत, ती शिक्क्याचीच पडछाया. साक्षीदार खरा एकच, न ठोकलेला. आणि तो सांगतोय सव्वीस. शिवाय ठोकल्यानंतरच फेरे दीडशेने वाढवावे लागले, डिझेल वाढलं. म्हणजे त्याआधी तिन्ही सव्वीसच असणार!

मग शिक्का खोटा कसा?

आबांना जाऊन चार वर्षं झाली. ते असते तर एका वाक्यात सांगितलं असतं, आणि वर म्हणाले असते, एवढ्यासाठी मुंबईला गेलात? तांडेल काका आमच्याकडे नंतर आले. नवरा तेव्हा दापोलीला होस्टेलवर. उरल्या आबांच्या वह्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमचे पत्रे उडाले, आंबे-पोफळी गेल्या, टीव्ही गेला, पण आबांनी आदल्या रात्रीच सगळ्या वह्या डिझेलच्या रिकाम्या निळ्या पिंपात घालून झाकण आवळलं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, कपाट हलवायचं सोडून म्हातारा रद्दी वाचवतोय. ते पिंप माळ्यावर होतं. रात्री साडेदहाला उतरवलं. वह्यांना अजून डिझेलचा वास.

आबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि तारीख कधी इंग्रजी कधी तिथी. पहिल्या तीन वह्यांत काही नाही. मध्येच माझ्या लग्नाचा खर्च सापडला, तो वाचत बसले अर्धा तास, मांडववाल्याला किती दिले वगैरे, ते सोडा. बारा वाजून गेल्यावर 2006 च्या वहीत, नारळी पौर्णिमेच्या आधीच्या पानावर, बर्फ आणि दोरखंड यांच्या मध्ये एक ओळ: "पंखा दाबून आणला, पिच 2 इं. वाढविली, नवीन मशीन लई पळते म्हणून." आणि पुढे रक्कम.

म्हणजे त्या साली इंजिन बदललं, जास्त ताकदीचं आलं, जुना चोवीसचा पंखा त्याला हलका पडायला लागला, इंजिन मोकाट पळायला लागलं, तेव्हा आबांनी नवीन पंखा न घेता जुनाच पिळून सव्वीसचा करून घेतला. कोणाकडून ते लिहिलेलं नाही, पण जो कोण होता त्याचा हात असा की वीस वर्षांनी ते पातं घंटेसारखं वाजलं. फक्त हबवरचा शिक्का कोणी बदलला नाही. कशाला बदलतील, आबांना माहीत होतं ना.

सकाळी वर्कशॉपला फोन केला. ओळ वाचून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग ते कारागीर म्हणाले, "ताई, वही आणायची होती हो बरोबर." आणि हसले. पहिल्यांदाच.

बाकीचं पटकन सांगते. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझचा घ्यावा का यावर दोन दिवस गेले, त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास तांबं असतं आणि जस्ताची भानगड नाही, म्हणून समुद्र तसा खात नाही, पण भाव ऐकून नवरा गप्प झाला आणि मग मीही. मँगनीज ब्राँझचाच घेतला. जुना त्यांनी वजनावर धरून बिलातून वजा केला, मी काट्याजवळ उभी राहून आकडा स्वतः वाचला. जस्ताचे ठोकळे नवीन, आणि दिराने त्यावर खडूने लिहून ठेवलंय, रंग मारणाऱ्याच्या नानाची टांग. शाफ्ट लेथवर फिरवून बघितला, सरळ निघाला, ते एक नशीब. हबच्या टेपरला, कुठे टेकतं ते दिसावं म्हणून, निळा रंग लावून पंखा शाफ्टवर बसवून बघितला, निळं सगळीकडे सारखं लागलं तेव्हाच नट आवळला. होळीच्या आधी बोट पाण्यात गेली आणि तांडेल काका परत आल्यावर काहीच बोलले नाहीत. मी विचारलं, कसा आहे पंखा? म्हणाले, "कुठला पंखा?"

डिझेल 1,010 लागलं.

वहीत नव्या पंख्याची नोंद करताना मी बराच वेळ घेतला. 36 बाय 26. उजवा. तीन पाती. धातू मँगनीज ब्राँझ. तीस अंशाला दोन इंच चार मिलिमीटर, तिन्ही पाती माझ्यासमोर मोजली. जुना 24 चा शिक्का होता पण आबांनी 2006 ला 26 करून घेतलेला, बघा निळं पिंप, लाल पुठ्ठ्याची वही. नवरा वाचून म्हणाला, अगं खर्चाच्या वहीत एवढं कोण लिहितं, रक्कम लिही नि सोड. रक्कम मी सगळ्यात खाली लिहिली. या वेळी रेघ मारली नाही.